नणंद, भावजय आणि सायोको-सान

पेणला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, ‘गणपती आणलात का?’ रोह्याला जाऊन आले म्हटलं की काही विचारत नाहीत, नुसती मान हलवतात. मी दोन्हीकडे मिळून आठवडाभर राहून आले. गणपती आणला नाही. पण ज्यांचा तिकडे जाण्याशी काही संबंध नाही त्यांनाही सांगावं असं थोडं घडलं, म्हणून लिहिते.

मी मूळची सोलापूरची, आडनाव बिराजदार, पुण्यात जपानी भाषेची दुभाषी. माझं काम कारखान्यांत चालतं. पंप, व्हॉल्व्ह, गळती आणि ‘हे असं कोणी बसवलं?’ या विषयांवर मी दोन्ही भाषांत न अडखळता बोलू शकते. बॅडमिंटनबद्दल मला दोन्ही भाषांत सारखंच माहीत होतं, म्हणजे शटल खाली पडलं की पॉइंट जातो, एवढंच. त्यामुळे रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीतून फोन आला, की जपानची एक माजी दुहेरी खेळाडू शिबिर घ्यायला येते आहे, तुम्ही तिच्याबरोबर राहाल का, तेव्हा मी नाही म्हणणार होते. मग कळलं की दिवस जानेवारीचे आहेत आणि जेवण घरगुती आहे. हो म्हटलं.

सायोको-सान पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, केस अगदी बारीक कापलेले. विमानतळावर त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, माझं आडनाव दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा त्यात जास्तीची अक्षरं आली, आणि मग त्यांनी शांतपणे मला ‘बिरा-सान’ करून टाकलं. पेणपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला, हॉलचं छत किती उंच आहे. मी फोन लावला. पलीकडून ठाकूर सर म्हणाले, “उंच हाय.” मी तेच जपानीत सांगितलं. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

पेण

ठाकूर सर म्हणजे पेणच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक आणि शिबिराचे सर्वेसर्वा. या भागात ज्याने कोणी रॅकेट धरली आहे त्याला ती आपणच धरायला शिकवली, असं ते सांगतात आणि बाकीचेही नाकारत नाहीत. हॉलच्या दारात त्यांनी सायोको-सानना झेंडूचा हार घातला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, एक छोटी अडचण हाय. आत गणपती हायत.”

मला वाटलं तसबीर असेल. आत तीन कोर्टं होती आणि त्यांतली दोन गच्च भरलेली होती. शेजारच्या मूर्तींच्या कारखान्याचे पत्रे बदलायचं काम निघालं होतं आणि कारखान्याचा मालक सरांचा विद्यार्थी. हातभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंतचे पांढरेशुभ्र गणपती रांगेने बसले होते. रंग नाही, डोळे नाहीत. एका नेटच्या दोन्ही बाजूंना तर ते असे बसले होते की सामना सुरू व्हायचीच वाट बघत असावेत.

“यांना दिसायला कधी लागतं?” सायोको-साननी विचारलं.

मी मराठीत विचारलं. सर म्हणाले, “डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. पावसाळ्यात.”

“मग या आठवड्यात हरकत नाही,” त्या म्हणाल्या. गणपतींकडे बघून एकदा वाकल्या आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसल्या.

हरकत थोड्या वेळाने आली. कोणाचं तरी शटल बाहेर गेलं आणि एका गणपतीच्या मांडीवर जाऊन बसलं. कोणी हलेना. शेवटी सरांनी बूट काढले, हात जोडले, शटल उचललं, पुन्हा हात जोडले, बूट घातले. हा पायंडाच पडला. पुढे प्रत्येक बाहेर गेलेल्या शटलला बूट काढणं आलं. सायोको-सानही काढायच्या. जपानात घरात शिरताना, शाळेत शिरताना, जिथे तिथे बूट काढतातच, त्यामुळे त्यांना यात नवल वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत शिबिरातल्या सगळ्यांचा नेम सुधारला होता.

शिबिरात शाळकरी पोरं होती, एक दंतवैद्य होते, बँकेतले दोघे होते. पण सरांचा जीव एका जोडीत होता. “ही आपली अष्टमीची जोडी,” त्यांनी ओळख करून दिली. “नणंद-भावजय. ही मानसी, ही स्वप्नाली. राहतात एका घरात, खेळतात एकत्र. आणि तुम्ही बघा मॅडम, खेळताना एक शब्द नाय. गरजच नाय. समज एवढी!”

स्वप्नाली उंच, खांद्याने भक्कम, धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. मानसी तिच्या भावाची बायको, चपळ, पेणच्या शाळेत शिक्षिका. रोज रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाहून पेणला ये-जा करते. मानसी नेटपाशी खेळायची, स्वप्नाली मागून जोरात मारायची. रविवारी रोह्यात स्पर्धा होती आणि जिंकणारी जोडी पुढे राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. गेल्या वेळी या दोघी थोडक्यात राहिल्या होत्या.

सायोको-साननी त्यांचा खेळ बराच वेळ पाहिला. मग मला हळूच म्हणाल्या, “या दोघींचं भांडण झालंय.”

“सर म्हणतात समज आहे.”

“आमच्याबद्दलही असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “शटल मधोमध आलं की बघा. बोलणाऱ्या जोडीतली एक ओरडते, ‘माझं.’ या दोघी थांबतात. दुसरी काय करते ते बघतात. मग ते पडतं.”

मी बघितलं. शटल मधोमध आलं. दोघी थांबल्या. ते पडलं. सर टाळ्या वाजवत होते, कशाबद्दल ते कळलं नाही.

“हे मराठीत सांगू का?” मी विचारलं.

“अजून नको,” सायोको-सान म्हणाल्या.

अष्टमी

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, मधे पूल. पुलावरून दिवसातून इतकी ये-जा चालते की खाली नदी आहे हे फक्त पाहुण्यांच्या लक्षात येतं. पुढचे दिवस सराव रोह्याच्या हॉलमध्ये होता. तिथे गणपती नव्हते. सायोको-सानना पहिल्या दिवशी जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आमचं दुपारचं जेवण मानसी-स्वप्नालीच्या घरी. घरच्या कर्त्या सुमनकाकी, म्हणजे स्वप्नालीची आई आणि मानसीच्या सासूबाई. त्यांनी दारातच विचारलं, “जपानमंदी भात खातात ना?” मी हो म्हटलं. “मग झालं तर,” असं म्हणून त्यांनी जपानचा विषय संपवला. मानसीचा नवरा निलेश आतल्या खोलीत झोपलेला होता. त्याची नाईट शिफ्ट होती. मी त्या घरात चार वेळा जेवले आणि निलेशला फक्त पाठीकडून पाहिलं.

जिताड्याचं कालवण, कडव्या वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. सोलापुरात भाकरी थापली की शेजाऱ्यांना कळतं. इथली भाकरी बिनआवाजाची. पांढरी, मऊ, रुमालासारखी घडी घालावी अशी. पहिल्या घासाला मला ती भाकरी वाटली नाही, तिसऱ्या भाकरीला मी तक्रार सोडून दिली. सायोको-साननी मासा खाल्ला तो असा, की ताटात राहिलेला सांगाडा शाळेत शिकवायला नेता आला असता. काकी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “आपल्यातलीच हाय गो ही,” त्या म्हणाल्या.

वाढायला दोघी होत्या. डावीकडून मानसी, उजवीकडून स्वप्नाली. एकमेकींना विचारायची सोय नसल्यामुळे सायोको-सानना सगळं दोनदा मिळत होतं. जपानात ताटात टाकणं वाईट समजतात, म्हणून त्या संपवत होत्या. आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढतात, म्हणून या वाढत होत्या. हे कुठवर चाललं असतं सांगता येत नाही. शेवटी सायोको-साननी ताटावर हात आडवा धरला आणि मला म्हणाल्या, “पुढे खेळणारीला विचारा, त्या का बोलत नाहीत.”

मी मानसीला विचारलं.

मानसी भाताकडे बघत म्हणाली, “मॅडम, त्यांना सांगा, मी बोलायला कधीही तयार आहे.”

मी ते जपानीत सांगितलं. सायोको-सान स्वप्नालीकडे वळून जपानीत म्हणाल्या, “तुमची साथीदार बोलायला तयार आहे.” मी ते मराठीत सांगितलं.

“त्यांना सांगा,” स्वप्नाली म्हणाली, “रामवाडीत खोली घेतली तेव्हा का नाय बोलली?”

पुन्हा जपानी. पुन्हा मराठी. हात लांब केला तर भातवाढी एकमेकींना देता येईल अशा बसलेल्या त्या दोघी एकमेकींशी जपानमार्गे बोलत होत्या. हळूहळू गोष्ट बाहेर आली. रोजच्या ये-जा करण्याला कंटाळून मानसी आणि निलेशने पेणच्या रामवाडीत भाड्याने खोली घेतली होती. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी सामान हलवायचं ठरलं होतं. स्वप्नालीला हे मानसीकडून कळलं नाही. टेम्पोवाला तिला बाजारात भेटला आणि म्हणाला, ताई, सोमवारी किती वाजता येऊ?

“स्पर्धा झाल्यावर सांगणार होते,” मानसी म्हणाली. “खेळ बिघडू नये म्हणून.”

“मग नाय का बिघडला?” स्वप्नाली म्हणाली. “त्यांना विचारा.”

‘रुसणं’ याला नेमका जपानी शब्द मला त्या घडीला सुचेना. शेवटी माझ्या रोजच्या भाषेत सांगितलं, की दाब भरपूर आहे पण प्रवाह बंद आहे. सायोको-सानना लगेच कळलं.

काकी भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आल्या. “मला कोणी इचारलंच नाय,” त्या म्हणाल्या. “इचारलं असतं तर बोलले असते, जा. रोज गाडीनं जाऊन-येऊन पोरगी अर्धी झाली. पण भाकरी गरम हाय तंवर खा.”

मी हेही भाषांतर केलं. सायोको-साननी ताटावरचा हात काढला.

कोलाड

शनिवारी सराव लवकर सोडला. काकींच्या भावाचं शेत कोलाडला आहे. तिथे सायोको-सानसाठी पोपटी लावायचा बेत होता. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, की पोपटी म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी, हे सगळं मडक्यात भरतात. खाली-वर भांबुर्ड्याचा पाला ठासतात, हे बांधावर आपोआप उगवणारं उग्र वासाचं झुडूप. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवतात. मडक्यात पाण्याचा थेंब घालत नाहीत. शिजलं की नाही हे बघायचीही सोय नाही. काकींच्या भावाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चुर्र आवाज ऐकला आणि म्हणाले, “झाली.”

दिवस मावळत होता. वालाच्या शेतात गार वारा होता, त्यामुळे सगळे शेकोटीला चिकटून बसले होते. मानसी एका बाजूला, स्वप्नाली दुसऱ्या बाजूला. सायोको-साननी शेंग दातात धरून दाणे सोलून खाल्ले आणि म्हणाल्या की जपानात सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा अशाच खातात, पण हे जास्त चांगलं आहे. जपानी माणूस असं सहसा म्हणत नाही, म्हणून मी ते दोनदा सांगितलं.

मग काकींनी विचारलं, “तुमची जोडीदार कोण होती?”

सायोको-साननी हातातली शेंग संपवली. मग बोलायला लागल्या. त्या एकेक वाक्य बोलायच्या, मी ते मराठीत सांगायची, आणि मगच त्या पुढचं बोलायच्या. त्यामुळे ती गोष्ट सगळ्यांनी अगदी सावकाश ऐकली.

त्यांचं गाव बर्फाचं. हिवाळाभर बाहेर खेळता येत नाही, म्हणून मुलं शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतात. दुसरं काही कारण नव्हतं. शाळा संपल्यावर एका बँकेच्या संघाने त्यांना घेतलं. जपानात कंपन्यांचे संघ असतात. सकाळी काउंटरवर बसायचं, दुपारनंतर खेळायचं. तिथे प्रशिक्षकांनी त्यांची जोडी तोमोए नावाच्या मुलीशी लावली. विचारलं नाही, लावली.

“आपल्याकडे लग्नं व्हायची तशी,” काकी म्हणाल्या. मी तेही सांगितलं. सायोको-साननी मान डोलावली.

“मी पुढे खेळायचे, ती मागे,” त्या म्हणाल्या. “पुढे उभी राहणारी मागे वळून बघत नाही. बघितलं तर पॉइंट जातो. अकरा वर्षं ती माझ्या पाठीमागे होती. खेळताना तिचा चेहरा कसा असतो मला माहीत नाही. बुटांच्या आवाजावरून कळायचं ती कुठे आहे आणि दमली आहे का.”

दोघी खूप वर गेल्या. देशोदेशी खेळल्या, मोठमोठ्या जोड्यांना हरवलं. मग ऑलिंपिकचं वर्ष आलं. देशातून जास्तीत जास्त दोन जोड्या जाऊ शकतात. त्या दोघी जपानात तिसऱ्या होत्या.

“दुसऱ्या कुठल्याही देशात जन्मलो असतो तर गेलो असतो,” त्या म्हणाल्या. “पण तिथे बर्फ पडलं नसतं.”

त्या वर्षाच्या आधीपासूनच दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. कारण काय, असं स्वप्नालीने विचारलं. तिने पहिल्यांदाच थेट प्रश्न विचारला होता. सायोको-साननी आठवून पाहिलं. “खेळाडूंच्या वसतिगृहात कपडे धुवायचं एकच यंत्र होतं. त्यावरून काहीतरी झालं होतं.”

“वॉशिंग मशीनवरून?” काकी म्हणाल्या.

“हो. आणि नंतर कोणी ते मिटवलं नाही, कारण सगळे आमचं कौतुक करत होते. प्रशिक्षक म्हणायचे, पाहा, चांगल्या जोडीला बोलावं लागत नाही. वर्तमानपत्रात तसं छापून आलं. मग बोलायची आणखी पंचाईत झाली.”

ठाकूर सर शेकोटीत काटकी सारत होते. ते थांबले.

शेवटची निवडीची स्पर्धा हरल्यावर दोघी विमानात शेजारी शेजारी बसून घरी आल्या. एक शब्द नाही. उतरल्यावर तोमोए म्हणाली, ‘दमली असशील.’ जपानी लोक काम संपल्यावर एकमेकांना असं काहीतरी म्हणतातच. पुढच्या आठवड्यात सायोको-सान सरावाला गेल्या तर तोमोए दुसऱ्या मुलीबरोबर खेळत होती. तिने तशी मागणी केली होती. सायोको-सानना एक नवीन मुलगी दिली. त्या आणखी थोडी वर्षं खेळल्या. मग पायाची शीर तुटली आणि त्या पूर्ण वेळ बँकेच्या काउंटरवर बसू लागल्या.

“आणि ती? ऑलिंपिकला गेली?” मानसीने विचारलं.

“नाही. पुन्हा तिसरीच आली.”

“आता भेटता का?” काकींनी विचारलं.

“ती शिकवते. स्पर्धांना दिसते. आम्ही वाकतो. दोघी अगदी एकाच वेळी. तेवढं अजून जमतं.”

मला वाटलं, आता या दोघी बोलतील. गोष्टींमध्ये अशा वेळी बोलतात. स्वप्नालीने मडक्यातलं अंडं काढून सोललं आणि म्हणाली, “मॅडम, त्यांना विचारा, अंडं देऊ का.” पलीकडून मानसी म्हणाली, “मॅडम, त्यांना विचारा, अंड्याला मीठ लागेल का.”

मी दोन्ही विचारलं. सायोको-सान दोन्हीला हो म्हणाल्या.

रोहा, रविवार

अंतिम सामना पनवेलच्या दोन कॉलेजकन्यांशी होता. त्यांचे टी-शर्ट एकसारखे होते, मोजे एकसारखे होते, आणि त्या प्रत्येक पॉइंटनंतर एकमेकींच्या हातावर टाळी देऊन काहीतरी किंचाळत होत्या. आमची जोडी आपल्या जगप्रसिद्ध शांततेत खेळत होती. पहिला गेम गेला. वाईट गेला. मधोमध आलेलं प्रत्येक शटल पडलं, आणि पनवेलच्या पोरींना ते कळल्यावर त्या दुसरीकडे मारीनातच.

अष्टमीतली अर्धी माणसं पूल ओलांडून आली होती. काकी पहिल्या रांगेत. निलेशही आला होता असं कळलं, पण त्याची शिफ्ट बदलली होती आणि तो सेकंड शिफ्टला निघून गेला होता. ठाकूर सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दोन गेमच्या मधल्या वेळात खेळाडूंशी बोलता येतं. सायोको-सान उठल्या, मीही उठले. जाता जाता त्या मला म्हणाल्या, “बिरा-सान, आता भाषांतर करू नका. काही झालं तरी.”

एवढ्या वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं.

मानसी आणि स्वप्नाली टॉवेलने तोंड पुसत होत्या. सायोको-सान त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. चेहरा गंभीर, आवाज खालचा पण ठाम. एकदा मानसीकडे बघायच्या, एकदा स्वप्नालीकडे. हाताने पुढे दाखवायच्या, मागे दाखवायच्या. बराच वेळ बोलल्या. मग थांबल्या आणि वाकल्या.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी नेटकडे बघितलं.

“मॅडम?” मानसी म्हणाली.

मी नेटकडेच बघत राहिले. पंच घड्याळ बघत होते.

स्वप्नाली मानसीकडे वळली. “काय बोलली गो ती?”

“मला काय माहीत? तुझ्याकडे बघून बोलत होत्या.”

“माझ्याकडं नाय, तुझ्याकडं. हात असा केला. म्हंजे तू नेटला चिकटू नको, जरा मागं ये.”

“तो हात तुला होता. मधलं सगळं तू घे, असं म्हणाल्या त्या.”

“सगळं मी कसं घेऊ? मी काय दोघी हाय?”

“मग ओरड ना! ओरडलीस तर मी सरकेन. मुकाट मारतेस, मला काय कळणार पाठीमागचं?”

“तू मुकाट खोली घेतलीस ती?”

“स्वप्ना, पंच बोलवतायत.”

“बोलवू दे.”

सायोको-सान काय बोलल्या ते आता सांगायला हरकत नाही. त्यांनी बँकेच्या काउंटरवर ग्राहकांना जे सांगावं लागतं ते सांगितलं होतं. ‘आपल्याला थांबावं लागलं याबद्दल क्षमस्व. कृपया यंत्रातून क्रमांक घ्या आणि पुकारा होईपर्यंत बसून घ्या. खातं उघडायचं असेल तर पुढच्या खिडकीवर, बंद करायचं असेल तर मागच्या खिडकीवर जा. आमच्या बँकेवर विश्वास ठेवल्याबद्दल आभारी आहोत.’

दुसरा गेम आमच्या जोडीने जिंकला. ‘माझं’, ‘सोड’, ‘घे गो’, ‘तुझं, तुझं, आंधळी हायस काय’ अशा आरोळ्या पुलापर्यंत ऐकू गेल्या असतील. पॉइंटच्या मधल्या वेळात रामवाडीच्या खोलीचं भाडं, टेम्पोवाला आणि कोणी कोणाला काय सांगायला हवं होतं, हेही चालू होतं. पंचांनी एकदा ताकीद दिली. दोघींनी एकदमच ‘सॉरी सर’ म्हटलं आणि पुन्हा सुरू झाल्या. ठाकूर सर भिंतीकडून वळले होते. “मॅडम,” ते मला म्हणाले, “एवढं बोलतात व्हय या?”

तिसरा गेम शेवटपर्यंत बरोबरीत चालला आणि गेला. स्वप्नालीचा एक फटका पट्टीभर बाहेर पडला. राज्याच्या स्पर्धेला पनवेलच्या मुली जाणार.

काही क्षण स्वप्नाली त्या शटलकडे बघत उभी राहिली. मग खाली बसली आणि तोंडावर टॉवेल घेतला. तिचे खांदे हलत होते. मानसी तिच्याशेजारी जाऊन बसली. तिने स्वप्नालीच्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मग दुसरा काढला. “चल,” ती म्हणाली. “आई बघतायत.”

“बघू दे,” टॉवेलमधून आवाज आला. “सांगायचं होतंस मला.”

“हो. सांगायला हवं होतं.”

काकी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “हरल्या त्या हरल्या. आता यांना गप कोण करणार?”

रामवाडी

सोमवारी आम्हाला परतायचं होतं. गाडी पेणहूनच हायवेला लागणार, म्हणून वाटेत मानसीच्या नव्या खोलीवर चहाला थांबलो. टेम्पो आमच्या आधी पोचला होता. ड्रायव्हरशेजारी मांडीवर मिक्सर घेऊन स्वप्नाली बसून आली होती. तिने रजा टाकली होती. कपाट कुठे ठेवायचं यावरून दोघींचं चाललं होतं आणि निलेश कपाट पाठीवर घेऊन निकालाची वाट बघत उभा होता. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. बरा आहे.

ठरलं ते असं, की शनिवार-रविवार मानसीने अष्टमीला यायचं आणि मधे दोन संध्याकाळी स्वप्नालीने कामावरून सुटल्यावर पेणला यायचं, सरांच्या हॉलमध्ये. गणपती तोवर हलवतो, असं चहाला आलेले सर म्हणाले. नाही हलले तरी चालेल, असं दोघी म्हणाल्या.

सर सायोको-सानच्या मागे लागले होते, पुढच्या वर्षी परत या म्हणून. त्या म्हणाल्या, “दुहेरी एकटीने शिकवता येत नाही. आठवडाभर मी नुसती हातवारे करत होते. दोघी लागतात.”

मी भाषांतर केलं. सर म्हणाले, “मग दुसरी बोलवा ना.” त्यांना त्यात काहीच अवघड दिसत नव्हतं. मी तेही भाषांतर केलं.

सायोको-सान गॅलरीत गेल्या. खाली हायवेवरचे ट्रक दिसत होते. त्यांनी फोन काढला, बराच वेळ नुसता हातात धरला, मग लावला. मी चहा घेऊन दारातच उभी होते. न ऐकणं माझ्या हातात नव्हतं. आख्ख्या पेण तालुक्यात ते बोलणं कळणारी मी एकटीच असेन.

“मी आहे,” त्या म्हणाल्या. एक ट्रक गेला, दुसरा गेला.

“भारतात आहे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी परत बोलावतायत. मला मागे कोणीतरी हवं आहे.”

मग पलीकडून एक छोटंसं वाक्य आलं असावं. सायोको-सानचा चेहरा एकदम कामाचा झाला. त्या गॅलरीच्या कठड्यावर बोटाने रेघा ओढत सांगायला लागल्या, की रोह्याच्या हॉलला नदीकडे दोन मोठी दारं आहेत, दुपारनंतर तिकडून वारा शिरतो, उजव्या कोपऱ्यात शटल हातभर वाहतं, पंखे बंद ठेवले तर कमी वाहतं पण मग घाम येतो. पलीकडून उलट प्रश्न येत होते. यांची उत्तरं वाढत होती. एकदा त्यांनी आवाज चढवून ‘नाही, डावीकडून’ असं म्हटलं. चहा गार झाला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

शेवटी त्या आत आल्या आणि बूट घालायला बसल्या.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“पहिला गेम दाराच्या बाजूने खेळणार नाही म्हणते,” सायोको-सान नाडी आवळत म्हणाल्या. “नेहमीचंच आहे तिचं.”

ठाकूर सर माझ्या तोंडाकडे बघत होते. “काय बोलल्या, मॅडम?”

“येतेय म्हणाल्या,” मी सांगितलं.